सेटअपच्या फाइली : ठेवाव्या की काढाव्या?



रायगड जिल्ह्यातील एका भगिनीचे पत्र आमच्यापुढे आहे. घरात एकच लॅपटॉप. बारावीतला मुलगा, बी.एड. करणारी मुलगी आणि शिवणकामाचा हिशेब ठेवणाऱ्या त्या स्वतः, असे तिघे तो वापरतात. गेल्या महिन्यात त्याच्या सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. मुलगा म्हणाला, डाउनलोड्समधले सगळे सेटअप उडवून टाकू. त्याचे अब्बा म्हणाले, हात लावू नकोस, प्रोग्राम बंद पडतील आणि मग पुन्हा आणायचे कुठून? दोघांत कोणाचे खरे, असे भगिनींनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी मात्र त्यांनी एक ओळ सहज लिहून टाकली आहे : वाद मिटेपर्यंत काम अडू नये म्हणून मरहूम सासऱ्यांच्या शेवटच्या ईदचे दोन व्हिडिओ त्यांनी डिलीट केले.

आमचे लक्ष त्या ओळीवरून हलेना. अनेक घरांत हेच होते. जागा संपली की पहिल्यांदा फोटो जातात, मग व्हिडिओ जातात, कारण ती फाइल काय आहे हे आपल्याला कळते. ‘सेटअप’, ‘ड्रायव्हर’, ‘इन्स्टॉलर’ अशी नावे दिसली की हात थांबतो. न जाणो, काढले आणि संगणकच बंद पडला तर? ज्याची भीती वाटते ते शिल्लक राहते आणि जे आपले असते ते जाते.

मासिक छापून येईपर्यंत उशीर होईल म्हणून त्या भगिनींना आम्ही लगेच निरोप दिला की आधी रिसायकल बिन उघडून पाहा. दोन्ही व्हिडिओ तिथेच होते. रिसायकल बिन रिकामे केलेले नव्हते, म्हणून व्हिडिओ वाचले. आणि त्याच कारणाने ड्राइव्हवर जागाही झाली नव्हती. डिलीट केलेली फाइल आधी या टोपलीत जाते आणि टोपली रिकामी होईपर्यंत तेवढीच जागा अडवून बसते, ही गोष्ट रोज संगणक वापरणाऱ्यांच्याही ध्यानात नसते.

आता मूळ प्रश्न. सेटअपची फाइल म्हणजे सामान भरून बांधलेले गाठोडे समजा. आपण इन्स्टॉल करतो तेव्हा त्यातले सामान सोडून सी ड्राइव्हवरील प्रोग्राम फाइल्स या फोल्डरात लावले जाते. गाठोडे मात्र डाउनलोड्समध्ये जसेच्या तसे पडून राहते. प्रोग्राम चालतो तो लावलेल्या सामानावर. त्यामुळे गाठोडे काढले तरी प्रोग्रामला धक्का लागत नाही. इतक्यापुरते मुलाचे खरे आहे.

याला एक अपवाद आहे. काही छोटे प्रोग्राम इन्स्टॉल करावेच लागत नाहीत; डाउनलोड केलेली फाइल म्हणजेच तो प्रोग्राम. त्यांना पोर्टेबल म्हणतात. अशी फाइल काढली की काम बंद. ओळखायचे कसे? प्रोग्रामच्या डेस्कटॉपवरील चिन्हावर उजवे बटण दाबा आणि ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. काही वेळा आधी स्टार्ट मेनूचा फोल्डर उघडतो. तिथल्या चिन्हावर हेच पुन्हा करा. शेवटी प्रोग्राम फाइल्समधला किंवा ॲपडेटामधला फोल्डर उघडला तर डाउनलोड्समधली प्रत खुशाल काढा. डाउनलोड्सच उघडले तर थांबा. ती फाइल नीट वेगळ्या फोल्डरात हलवा आणि डेस्कटॉपवरचे चिन्ह नव्याने करून घ्या.

अब्बांची शंका मात्र झटकून टाकण्यासारखी नाही. ‘पुन्हा आणायचे कुठून?’ हाच तर प्रश्न आहे, आणि आमच्या मते तो प्रत्येक फाइलला वेगवेगळा विचारायला हवा. ही फाइल बनवणाऱ्याकडून उद्या पुन्हा मिळेल का? मिळणार असेल तर जाऊ द्या. मिळणार नसेल तर ठेवा, पण जपून ठेवा. आणि ती कुठून आली हेच घरात कोणाला सांगता येत नसेल, तर ती ठेवण्यात धोका आहे.

या कसोटीला लावले की डाउनलोड्समधला बहुतेक पसारा पाच मिनिटांत निघतो. झूमचेच पाहा. २०२० च्या टाळेबंदीत मुलांनी वर्गाच्या लिंकवर जितक्यांदा बोट ठेवले, तितक्यांदा काही संगणकांवर झूमची सेटअप फाइल पुन्हा उतरली. एका नावाची फाइल आधीच असली की ब्राउझर पुढे कंसात १, २, ३ असे आकडे लावतो. आमच्या शाळेतील एका संगणकावर हा आकडा तेवीसपर्यंत गेलेला आम्ही पाहिला आहे. त्या तेवीसपैकी एकही ठेवण्याजोगी नाही.

क्रोमची सेटअप फाइल तर अगदीच लहान असते. ती फक्त निरोप्याचे काम करते. चालवली की नेटवर जाऊन खरा प्रोग्राम आणते. नेट नसेल तर तिचा काही उपयोग नाही. ‘नेट नसताना कामी येईल’ म्हणून अशी फाइल पेनड्राइव्हवर साठवणारे पुष्कळ भेटतात. नेटशिवाय चालणारी पूर्ण फाइल हवी असेल तर तिला ऑफलाइन इन्स्टॉलर म्हणतात आणि ती आकाराने बरीच मोठी असते. फाइल ठेवण्याआधी तिचा आकार पाहण्याची सवय म्हणूनच लावून घ्यावी.

व्हीएलसी, लिब्रेऑफिस यांसारखे मोफत आणि खुले प्रोग्राम बनवणाऱ्या संस्था आपल्या जुन्या आवृत्त्याही स्वतःच्या संकेतस्थळावर जपून ठेवतात. लिब्रेऑफिसचे सेटअप तीनशे एमबीच्या पुढे जाते. ज्या घरी नेट बरे आहे, तिथे ते साठवण्याचे कारण नाही. डोंगराकडच्या गावात, जिथे तीनशे एमबी उतरायला संध्याकाळ जाते, तिथे एक प्रत ठेवली तर आम्ही हरकत घेणार नाही.

ब्राउझर, अँटिव्हायरस, पीडीएफ वाचणारे प्रोग्राम यांचे जुने सेटअप मात्र कोणत्याही गावात ठेवू नयेत. हे प्रोग्राम सतत बाहेरच्या फाइली उघडतात. त्यांच्यातली भोके बुजवण्यासाठीच नव्या आवृत्त्या निघतात. पाच वर्षांपूर्वीचे सेटअप चढवणे म्हणजे बुजवलेली भोके पुन्हा उघडणे. फ्लॅश प्लेयरचे सेटअप आजही शाळांच्या संगणकांवर सापडते. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार बंद केला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमधील मजकूर प्लेयरमध्ये चालणेही बंद केले. ते निःशंक काढा. आमच्या शिक्षक बांधवांकडे जुन्या ई-लर्निंगच्या सीडी असतील आणि त्यांत फ्लॅशचे धडे असतील, तर रफल नावाचा मोफत प्रोग्राम त्यांतले बरेचसे चालवून दाखवतो.

एवढी साफसफाई झाली की उत्साह वाढतो आणि नेमके तिथेच नुकसान होते. सी ड्राइव्हवरील विंडोज फोल्डरात ‘इन्स्टॉलर’ नावाचे एक लपवलेले फोल्डर असते. लपवलेल्या फाइली दाखवणारा पर्याय चालू केला की ते दिसते आणि त्यात कित्येक जीबी भरलेले असतात. नाव पाहून वाटते, हेच ते उरलेले सेटअप! ते तसे नाही. एखादा प्रोग्राम दुरुस्त करायचा, अद्ययावत करायचा किंवा नीट काढून टाकायचा, तर विंडोजला त्या फाइली लागतात. त्या हाताने काढल्या की आज काहीच बिघडत नाही. सहा महिन्यांनी ऑफिसचा अपडेट अडतो आणि कारण कोणाला सापडत नाही. प्रोग्रामडेटामधील ‘पॅकेज कॅश’चेही तसेच. या दोन्ही फोल्डरांना हात लावू नये.

‘विंडोज डॉट ओल्ड’ ही तिसरी गोष्ट. विंडोजची नवी आवृत्ती चढली की जुनी या फोल्डरात ठेवली जाते, म्हणजे न आवडल्यास परत जाता यावे. साधारण दहा दिवसांनी विंडोज ते आपणहून काढते. घाई असेल तर सेटिंग्जमधील सिस्टिम, स्टोरेज या मार्गाने तात्पुरत्या फाइलींच्या यादीतून ते काढता येते. मात्र आपले सगळे कागदपत्र नव्या विंडोजमध्ये आले आहेत ना, हे आधी पाहावे. त्याच ठिकाणी स्टोरेज सेन्स नावाची सोय आहे. डाउनलोड्समधील ज्या फाइली अमुक दिवस उघडल्या नाहीत त्या आपोआप काढण्याची आज्ञा तिला देता येते. घरात अनेक जण एकच संगणक वापरत असतील तर डाउनलोड्सपुरती ही आज्ञा देऊ नये असे आमचे मत आहे. मुलीने विद्यापीठाच्या फॉर्मची पीडीएफ डाउनलोड्समध्येच ठेवलेली असते. यंत्राला ती आणि झूमचे तेविसावे सेटअप सारखेच.

फोनबद्दल थोडे. प्ले स्टोअरवरून घेतलेले ॲप डाउनलोड्समध्ये कोणतीही फाइल मागे ठेवत नाही. म्हणून फोनच्या डाउनलोड्समध्ये शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असलेली फाइल दिसली, तर ती प्ले स्टोअरच्या बाहेरून आली आहे, म्हणजे व्हॉट्सॲपवरून, ब्राउझरमधून किंवा कोणा दोस्ताच्या फोनवरून. एके काळी शेअरइट आणि झेंडरने असे ॲप या फोनमधून त्या फोनमध्ये देण्याची रीतच होती. जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲप्समध्ये ही दोन्ही होती. त्या काळच्या फाइली काहींच्या फोनमध्ये अजून आहेत आणि नवा फोन घेतला की त्याही सामानासोबत नव्या घरी येतात. ॲप काढले तरी अशी एपीके फाइल राहते आणि फाइल काढली तरी ॲप राहते. दोघांचा संबंध इन्स्टॉल करतानाच संपतो.

या फाइलींचा धोका जागेपेक्षा फार मोठा आहे. २०२४ च्या अखेरीस लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणाऱ्या एपीके फाइलींबद्दल पोलिसांनी इशारे दिले. आपल्याकडे निकाहाच्या पत्रिका व्हॉट्सॲपवरच येतात, नावे ओळखीची असतात, आणि अनेकदा ज्याचा फोन आधीच ठगांच्या ताब्यात गेला आहे अशा नातेवाइकाच्याच नंबरवरून ती फाइल येते. वाहनाच्या दंडाच्या नावाने, बँकेच्या केवायसीच्या नावाने अशाच फाइली फिरतात. ती चढली की एसएमएस वाचते, ओटीपी पळवते. त्या दिवशी दादीने ती उघडली नाही म्हणून संकट टळले असे नाही. फाइल फोनमध्ये पडून आहे आणि सुटीत नातू येऊन तिच्यावर बोट ठेवू शकतो. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते. ती इन्स्टॉल करायला सांगत नाही. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अज्ञात ॲप इन्स्टॉल करा’ या ठिकाणी व्हॉट्सॲप आणि ब्राउझरची परवानगी बंद आहे ना, हे घरातील प्रत्येक फोनवर एकदा पाहून घ्या. कोणाचे पैसे गेलेच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करावा. जितका उशीर, तितके पैसे पुढे सरकतात.

संगणकावरही हीच जात आहे. दुकानदाराने ‘सगळे सॉफ्टवेअर’ म्हणून दिलेल्या पेनड्राइव्हवर कुलूप तोडलेले प्रोग्राम असतात. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलेले असते, आधी अँटिव्हायरस बंद करा. घरात शिरण्यापूर्वी पहारेकऱ्याला बाहेर पाठवा म्हणणाऱ्या पाहुण्याला आपण काय म्हणू? अशा फाइली ठेवावयाच्या की नाही हा प्रश्नच आम्हाला पडत नाही. पत्रे लिहायला आणि हिशेब ठेवायला लिब्रेऑफिस मोफत आहे.

मग जपून काय ठेवायचे? आमच्या यादीत फार थोड्या गोष्टी आहेत, पण त्या गेल्या तर खरोखर गेल्या.

एक, नेटचे ड्रायव्हर. विंडोज नव्याने टाकली की कधी कधी वायफाय चालत नाही. वायफाय चालण्यासाठी ड्रायव्हर हवा, ड्रायव्हर नेटवर, आणि नेट वायफायशिवाय नाही. लॅपटॉप चांगला चालू आहे तोवरच त्याच्या मॉडेलचे वायफाय आणि लॅनचे ड्रायव्हर कंपनीच्या संकेतस्थळावरून घेऊन पेनड्राइव्हवर ठेवावे. एचपीच्या लॅपटॉपवर ‘एसडब्ल्यूसेटअप’ नावाचे फोल्डर असेल तर तेच उचलून ठेवता येते. जुन्या प्रिंटर-स्कॅनरचेही असेच. यंत्र धडधाकट असते, पण कंपनीने त्याच्या ड्रायव्हरचे पान काढून टाकलेले असते आणि मग चांगला प्रिंटर भंगारात जातो.

दोन, विकत घेतलेले जुने प्रोग्राम. सीडीवर मिळालेले ऑफिस २००७ अजून कित्येक दुकानांत चालू आहे. त्याचा आधार २०१७ मध्येच संपला. नेटला न जोडलेल्या संगणकावर बिले करण्यापुरते ते चालवत असाल, तर सीडी आणि तिच्या पाकिटावरची २५ अक्षरी की दोन्ही सांभाळा. की नसेल तर नुसती सीडी कामाची नाही. काही मराठी प्रोग्रामांसोबत डोंगल येत असे, पेनड्राइव्हसारखे दिसणारे छोटे कुलूप. जुने डोंगल ‘हा पेनड्राइव्ह उघडत नाही, बिघडला’ म्हणून मुले फेकून देतात.

काही वेळा मिळेनाशी झालेली फाइल शोधण्याचीही गरज उरत नाही. गुगल इनपुट टूल्सचे विंडोजवर ऑफलाइन चालणारे सेटअप गुगलने देणे बंद केले, तेव्हा अनेक शिक्षक हळहळले. ज्यांनी जपून ठेवले होते ते भाव खाऊ लागले. पण २०१९ च्या मे महिन्यातील अपडेटपासून विंडोज १० मध्येच मराठी फोनेटिक कीबोर्ड आला आहे. सेटिंग्जमध्ये जाऊन मराठी भाषा जोडली की तो मिळतो. तेव्हा विंडोज १० किंवा ११ असेल तर ते जुने सेटअप आता कुठून कुठून गोळा करण्यात अर्थ नाही.

तिसरी गोष्ट आमच्या जास्त जिव्हाळ्याची आहे, म्हणून तिच्यावर जरा रेंगाळतो. १९९४ मध्ये भारतातील कन्सेप्ट सॉफ्टवेअर कंपनीचा इनपेज हा प्रोग्राम आला आणि उर्दू छपाईचे रूप पालटले. त्याआधी पाने कातिबच्या हातून उतरत. मालेगाव, भिवंडी, मुंबईचा मोहम्मद अली रोड, जिथे जिथे उर्दू छापली जाते तिथे कंपोझिंगच्या दुकानांत इनपेज पोहोचले. शाळांचे वार्षिकांक, मदरशांच्या कैफियती, मुशायऱ्यांच्या स्मरणिका, कोणाच्या अब्बांनी निवृत्तीनंतर लिहिलेली आठवणींची वही, असे सगळे त्यात टाइप झाले. या फाइलींच्या शेवटी ‘आयएनपी’ अशी अक्षरे असतात. जुन्या इनपेजची अक्षरांची संकेतपद्धती स्वतःची होती, युनिकोड नव्हती. म्हणून ती फाइल वर्डमध्ये किंवा फोनवर उघडायला गेले तर उर्दू दिसत नाही, चिन्हांचा चुरा दिसतो.

आता असे होते. कंपोझिंगवाले गृहस्थ वयोमानाने दुकान बंद करतात. जुना संगणक भंगारवाल्याकडे जातो. जाताना भले गृहस्थ गिऱ्हाइकाला त्याच्या फाइलींची सीडी देतात. घरची मंडळी ती सीडी जपतात, तिला रेशमी कापडात गुंडाळतात म्हणा ना, पण ती उघडणारा प्रोग्राम कोणाकडेच नसतो. पुस्तकाच्या छापील प्रती संपलेल्या, दुसरी आवृत्ती काढायची म्हटले की तीनशे पाने पुन्हा टाइप करण्याचा खर्च पुढे उभा राहतो. इथे सेटअपची फाइल हा कचरा नाही. कुलपाची ती एकुलती किल्ली आहे. मराठीत श्रीलिपी, आकृती यांच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइलींचीही हीच गत. फॉन्ट नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि खुणांचा घोळ दिसतो आणि कोणीतरी ‘फाइल खराब झाली’ म्हणून ती काढून टाकते. फाइल खराब झालेली नसते.

ज्यांच्या घरी अशा फाइली आहेत त्यांनी इनपेजचे आपले जुने, विकत घेतलेले सेटअप, फॉन्ट आणि की एकत्र ठेवावे. पण तेवढ्यावर थांबू नये, कारण जुना प्रोग्राम पुढच्या विंडोजवर चढेलच असे नाही. प्रोग्राम आज चालतो आहे तोवर दोन कामे करून घ्यावी. पहिले, प्रत्येक फाइलची पीडीएफ काढावी. विंडोज १० पासून प्रिंटच्या यादीत ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ असतेच. पीडीएफमुळे पान जसे होते तसे, नस्तालीकच्या वळणांसह, कुठेही दिसते. दुसरे, मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. बदललेला मजकूर एकदा जाणकाराकडून वाचून घ्यावा लागतो. हमजा आणि एराब हलतात, तक्ते मोडतात, गझलेच्या ओळी एकमेकींत मिसळतात. पण एकदा युनिकोड झाले की नोटो नस्तालीक उर्दूसारख्या मोफत फॉन्टमध्ये तो मजकूर फोनवरही वाचता येतो, त्यात शब्द शोधता येतो आणि मग त्या पुस्तकासाठी इनपेजच्या सेटअपवर अवलंबून राहावे लागत नाही.

एक सावधगिरी. नोव्हेंबर २०१६ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीने जाहीर केले की इनपेजमधील एका दोषाचा फायदा घेणाऱ्या खास बनवलेल्या इनपेज फाइली ईमेलने पाठवून आशियातील बँकांवर हल्ले झाले. तेव्हा जुने इनपेज ठेवायचे ते आपल्या घरच्या फाइलींसाठी. ईमेलवर अनोळखी माणसाने पाठवलेली इनपेज फाइल त्यात उघडू नये. शक्य असेल तर हे काम नेट बंद ठेवलेल्या संगणकावर करावे.

ठेवायचे ते ठेवण्याची रीतही हवी. ‘सेटअप’ एवढेच नाव असलेली फाइल पाच वर्षांनी स्वतःची ओळख सांगत नाही. नाव बदला : प्रोग्राम, आवृत्ती, वर्ष, आणि ३२ बिट की ६४ बिट. सोबत एका साध्या नोटपॅड फाइलीत की आणि खरेदीची तारीख लिहा. ठेवण्यापूर्वी फाइलवर उजवे बटण दाबून प्रॉपर्टीज उघडा. ‘डिजिटल सिग्नेचर्स’ या भागात बनवणाऱ्या कंपनीचे नाव असेल तर उत्तम. जुन्या खऱ्या फाइलींवर ते नसूही शकते. पण नामांकित कंपनीची नवी फाइल असून सही नसेल किंवा भलतेच नाव असेल, तर ती ठेवू नका. हे सारे त्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हवर ठेवून उपयोग नाही, कारण बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. एक पेनड्राइव्ह आणि दुसरी प्रत भावाच्या किंवा बहिणीच्या घरी, एवढे पुरे. पेनड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षे ठेवून विसरू नये. वर्षातून एकदा लावून फाइली उघडतात का ते पाहावे.

राहिल्या घरातल्या जुन्या सीडी. नव्या लॅपटॉपला सीडी लावायची जागाच नसते, म्हणून त्या कप्प्यात पडून राहतात आणि एक दिवस मुले त्यांचे भिंतीवर टांगायचे शोभेचे काही करतात. बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह शाळेत, ओळखीच्या फोटो स्टुडिओत किंवा संगणक दुरुस्तीच्या दुकानात बहुधा असतो. एका दुपारीपुरता मागून आणा. सीडीवर जास्तीत जास्त सातशे एमबी मावतात, म्हणजे ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर चाळीसेक सीडी आरामात बसतील. कॉपी झाली म्हणून लगेच मूळ सीडी फेकू नका. पेनड्राइव्हवरून तो प्रोग्राम दुसऱ्या एखाद्या संगणकावर चढतो का, हे आधी पाहा. आणि सीडीचे पाकीट उलटसुलट करून बघा. की पुष्कळदा आतल्या बाजूला चिकटवलेली असते.